ब्राइटनेसची पट्टी आणि बॅटरीचा हिशोब

(पॉडकास्टच्या भागाचं शब्दांकन. बोलण्यातली काही वाक्यं वाचायला सोपी जावीत म्हणून थोडी नीट केली आहेत.)

आज सुरुवातीलाच एक विनंती. हा भाग ऐकत असाल तर फोनची स्क्रीन बंद करा आणि फोन खिशात टाका. आज मी जे काही सांगणार आहे, त्यातली सगळ्यात मोठी बचत तिथेच झाली. वाचत असाल तर नाइलाज आहे.

झालं असं, की हा पॉडकास्ट ऐकणाऱ्या एका मुलीचा मेसेज आला. पुण्यात अभ्यासिकेत बसून एमपीएससीची तयारी करते. तिने लिहिलं होतं, ‘दादा, रोज पाच तास लेक्चर मोबाईलवरच बघते. अभ्यासिकेत चाळीस टेबलं आणि प्लग पॉइंट सहा, तेही पहाटे येऊन बसणाऱ्यांचे. दुपारी तीनला बॅटरी वीस टक्क्यांवर येते. मेसचे पैसे फोनवरून द्यायचे, रात्री घरी फोन करायचा, सगळं त्या वीस टक्क्यांत. डार्क मोड लावला, व्हिडिओची क्वालिटी खाली आणली, एक बॅटरी सेव्हर ॲपसुद्धा टाकलं. फरक पडत नाही. नवा फोन घ्यावा लागेल का?’

मला तो प्रश्न आवडला, कारण तिने केलेले तिन्ही उपाय आपण सगळेच करतो. आणि त्या तिन्हींपैकी एकही उपाय बॅटरी जिथे जाते तिथे पोचत नाही. व्हिडिओ बघताना बॅटरी मुख्यतः उजेडात जाते. स्क्रीन बाहेर किती उजेड फेकते, हा खरा खर्च. आजचा सगळा भाग याच एका गोष्टीभोवती आहे.

आधी थोडं गणित, घाबरू नका. आजकालच्या बऱ्याच फोनवर ५००० एमएएच लिहिलेलं असतं. बॅटरीचा सरासरी व्होल्टेज ३.८५ धरला तर ही झाली साधारण १९ वॉट-तास ऊर्जा. घरातला ९ वॉटचा एलईडी बल्ब त्यावर दोन तास चालेल, बस्स. एवढ्याशा शिदोरीवर आपल्याला अख्खा दिवस काढायचा असतो. फोन व्हिडिओ दाखवताना समजा २ वॉट घेत असेल, तर पाच तासांत १० वॉट-तास गेले, म्हणजे निम्म्याहून जास्त बॅटरी. हाच आकडा सव्वा वॉटवर आला तर पाच तासांचा खर्च सव्वासहा, म्हणजे एक तृतीयांश. फरक फक्त पाऊण वॉटचा. पण दुपारी तीन वाजता तो पाऊण वॉटच तुम्हाला दिसतो.

आता कुणी म्हणेल, व्हिडिओ चालवायला प्रोसेसरला काही कमी कष्ट पडतात का? पडतात, पण तुम्हाला वाटतात तितके नाहीत. फोनच्या चिपमध्ये व्हिडिओ उलगडण्यासाठी वेगळा, फक्त त्याच कामाचा भाग असतो. तो अगदी थोडक्या विजेत काम उरकतो. मुख्य प्रोसेसर त्या वेळी बराचसा आराम करत असतो. गेम खेळताना फोन तापतो आणि सिनेमा बघताना तितका तापत नाही, त्याचं कारण हेच. म्हणून व्हिडिओच्या बाबतीत हिशोबाची वही उघडली की सगळ्यात वर नाव स्क्रीनचं येतं.

आणि स्क्रीनच्या जाती दोन आहेत. इथून पुढचं जवळजवळ सगळं तुमची स्क्रीन कुठल्या जातीची आहे यावर ठरतं, म्हणून इथे जरा थांबू.

पहिली एलसीडी. फोनच्या माहितीत आयपीएस किंवा पीएलएस असं लिहिलेलं असलं तरी ती एलसीडीच. हिच्या मागे पांढरे दिवे असतात, त्याला बॅकलाइट म्हणतात. पुढे असंख्य बारीक झडपा. झडप उघडली की उजेड येतो, मिटली की अडतो. म्हणजे काळा रंग दाखवायचा असेल तेव्हाही मागचा दिवा चालूच, फक्त झडप बंद. आणि त्या उजेडाची वाट मोठी खर्चिक असते. आधी पोलरायझर नावाची पट्टी निम्मा उजेड गिळते. मग लाल, हिरवा, निळा असे फिल्टर उरलेल्यातला साधारण दोन तृतीयांश. म्हणजे या दोनच नाक्यांवर सहातले पाच भाग गेले. पुढे अजून गळती आहेच. मागे पेटवलेल्या उजेडाचा जेमतेम दहावा हिस्सा, बऱ्याचदा त्याहूनही कमी, आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. बाकी सगळी ऊब.

दुसरी ओलेड. हिलाच ॲमोलेड, पोलेड अशी नावं. हिच्यात मागे दिवा नाही. प्रत्येक ठिपका स्वतःच पेटतो. काळा दाखवायचा म्हणजे तो ठिपका बंद. खर्च शून्याच्या जवळ. पांढरा दाखवायचा म्हणजे लाल, हिरवा, निळा तिन्ही पूर्ण ताकदीने. म्हणजे ओलेडचं वीजबिल चित्रावर ठरतं. रात्रीचा प्रसंग असलेला सिनेमा स्वस्त, बर्फातला महाग. आणि मधला राखाडी रंग तर अनपेक्षित स्वस्त असतो. डोळ्याला जो राखाडी ‘निम्मा’ वाटतो, त्याला प्रत्यक्षात पांढऱ्याच्या साधारण पाचवा हिस्सा उजेड पुरतो. एलसीडीला या सगळ्याशी फारसं देणंघेणं नाही. काही एलसीडी फोन गडद प्रसंगात बॅकलाइट थोडा उतरवतात आणि झडपा जास्त उघडून ते भरून काढतात. तो चांगला उपाय आहे, पण तो फोन आपला आपण करतो, आपल्या हातात नसतो.

तुमची कुठली आहे? बॉक्स सापडत नसेल तर रात्री खोलीतले दिवे घालवा, फोनवर पूर्ण काळं चित्र उघडा आणि ब्राइटनेस वर न्या. चौकट राखाडीसर उजळलेली दिसली तर एलसीडी. फोन कुठे आहे तेच कळेनासं झालं तर ओलेड. आयफोनवाल्यांसाठी सांगतो, एक्सआर, ११ आणि एसई या एलसीडी, तर १२ पासूनचे नेहमीचे सगळे ओलेड.

आता ब्राइटनेसची पट्टी. मला विचाराल तर या भागात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

आपल्याला वाटतं पट्टी मध्यावर आणली म्हणजे उजेड निम्मा झाला. तसं नाही. आपला डोळा उजेड सरळ मोजत नाही. अंधारात एक मेणबत्ती लावली की केवढा फरक, पण शंभर मेणबत्त्यांत एक वाढवली तर पत्ताही लागत नाही. डोळ्याच्या या स्वभावाला जुळवून २०१८ मध्ये, अँड्रॉइड ९ पासून, गूगलने ब्राइटनेसच्या पट्टीचं गणित बदललं. मूळ अँड्रॉइडचा कोड सगळ्यांसाठी खुला आहे, त्यात हे सूत्र बघायला मिळतं. ते सूत्र चालवून पाहिलं तर पट्टी मध्यावर असताना स्क्रीनला मिळणारं प्रमाण निम्मं नसतं, कमाल उजेडाच्या साधारण बारावा हिस्सा असतं. आणि पट्टी पाऊणपट असताना? पाऊण नाही, साधारण पाव.

हे परत एकदा सांगतो. पट्टी पूर्ण उजवीकडून पाऊणवर आणली, म्हणजे बोटभर मागे, की उजेड कमालच्या जवळपास पावपट उरतो. पट्टीच्या शेवटच्या पाव भागात सगळ्या उजेडाचे तीन हिस्से दडलेले आहेत. कंपन्या या सूत्रात आपापले फेरफार करतात, त्यामुळे तुमच्या फोनवर नेमका आकडा वेगळा येईल. पण वळण तेच असतं, सुरुवातीला सपाट आणि शेवटी एकदम चढ. घाटासारखं. आणि घाटात गाडी पेट्रोल कुठे पिते हे काही वेगळं सांगायला नको.

म्हणून माझं म्हणणं असं की ब्राइटनेस ‘कमी करा’ हा सल्ला अर्धवट आहे. चाळीस टक्क्यांवरून तीसवर आणून, डोळे ताणून, फार काही हाती लागत नाही. स्क्रीनचा चालू राहण्याचा असा एक ठरलेला खर्च असतो, तो तिथे उरतोच. खरी कमाई वरच्या टोकाला आहे. पूर्ण उजवीकडे ठेवून लेक्चर बघणं सोडा, एवढंच. मधल्या पट्ट्यात आलात की पुढे चिकटपणा करू नका. डोळे आपले आहेत, बॅटरी दोन-तीन वर्षांत बदलता येते.

एक छोटी युक्ती मात्र जरूर करा. पट्टी खाली आणली की पहिल्या दहा सेकंदांत स्क्रीन मरगळलेली वाटते आणि आपण लगेच परत वर नेतो. तसं न करता दोन-तीन मिनिटं थांबा. डोळ्याला सवय व्हायला तेवढा वेळ लागतो. थिएटरमध्ये उशिरा शिरल्यावर खुर्चीचा नंबर दिसत नाही आणि थोड्या वेळाने शेजारच्याचे पॉपकॉर्नसुद्धा दिसतात, तसंच.

आता डार्क मोड. याची जाहिरात इतकी झाली आहे, की लोकांना तो बॅटरीवरचा रामबाण वाटतो. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये ओलेड फोनवर हे नीट मोजलं. यूट्यूब, मॅप्स, कॅलेंडर, कॅल्क्युलेटर अशी गूगलची रोजची ॲप घेऊन. ब्राइटनेस १०० टक्के असताना डार्क मोडने सरासरी ३९ ते ४७ टक्के बचत झाली. हा आकडा सगळीकडे छापून आला. पण त्याच अभ्यासात असंही दिसलं की ब्राइटनेस ३० ते ५० टक्क्यांवर असेल, म्हणजे घरात आपण साधारण जिथे ठेवतो तिथे, तर बचत फक्त ३ ते ९ टक्के. कारण उघड आहे. मुळात उजेडच कमी असेल तर तो विझवून वाचणार किती?

आणि यात आणखी एक गंमत आहे जी आपल्या विषयाला लागू पडते. डार्क मोड ॲपचा रंग बदलतो, व्हिडिओचा नाही. तुम्ही फोन आडवा करून व्हिडिओ पूर्ण स्क्रीनवर लावलात, की डार्क मोड असला काय आणि नसला काय, पडद्यावर तेच चित्र आणि तोच खर्च. त्या मुलीला फरक पडला नाही, यात नवल काहीच नाही. फोन उभा धरून बघत असाल तर मात्र गोष्ट वेगळी. २० बाय ९ च्या उभ्या स्क्रीनवर १६ बाय ९ चा व्हिडिओ फक्त पाव जागा घेतो. उरलेल्या पाऊण भागात कमेंट आणि पुढच्या व्हिडिओंची यादी. ती यादी पांढरी की काळी, याने ओलेडवर नक्कीच फरक पडतो.

याच हिशोबाने अजून एक. आडव्या फोनवर १६ बाय ९ चा व्हिडिओ लावला की दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या उरतात आणि आपण सवयीने दोन बोटांनी चित्र ताणून त्या घालवतो. ओलेडवर त्या काळ्या पट्ट्या म्हणजे बंद ठिपके, फुकटात. चित्र ताणलं की पेटणाऱ्या ठिपक्यांत पाव भर पडते, वर सरांनी कोपऱ्यात लिहिलेली तारीख कापली जाते ती वेगळीच. एलसीडीवर ताणा किंवा ताणू नका, मागचा दिवा तेवढाच.

आता येतो लेक्चरकडे, कारण खरी मेख इथे आहे. त्या मुलीचा फोन ॲमोलेड आहे. मी तिला विचारलं, तुझे सर कशावर शिकवतात? म्हणाली, पीपीटी असते, पांढऱ्या पानावर काळी अक्षरं.

ओलेडसाठी यापेक्षा महाग व्हिडिओ शोधून सापडणार नाही. ॲक्शन सिनेमा, क्रिकेटची मॅच, गाणी, यांतलं चित्र सतत बदलतं आणि सरासरी बरंच गडद असतं. पांढरी पीपीटी म्हणजे जवळजवळ सगळे ठिपके, तिन्ही रंग, पूर्ण ताकदीने, पाच तास. आणि त्यातही निळा ठिपका सगळ्यात खर्चिक, कारण ओलेडमध्ये निळा उजेड बनवणारा पदार्थ बाकी दोघांइतका कार्यक्षम नाही, तो लवकर म्हाताराही होतो. याउलट काळ्या डिजिटल फळ्यावर पांढऱ्या-पिवळ्या अक्षरांत शिकवणारे सर असतील, तर अक्षरं पडद्याचा किती भाग व्यापतात? थोडासाच. बाकी सगळे ठिपके झोपलेले. तोच विषय, तेवढाच वेळ, पण उजेडाचा खर्च कितीतरी पट कमी.

मग सर बदलायचे का? नको. अँड्रॉइडमध्ये ॲक्सेसिबिलिटी नावाच्या भागात ‘कलर इन्व्हर्जन’ म्हणून एक सोय आहे. ज्यांना दिसायला त्रास होतो त्यांच्यासाठी ती दिलेली आहे. ती चालू केली की स्क्रीनवरचे सगळे रंग उलटे होतात, व्हिडिओसुद्धा. पांढरी पीपीटी काळी होते, काळी अक्षरं पांढरी. सरांचा चेहरा कोपऱ्यात असेल तर तो जुन्या फोटोच्या निगेटिव्हसारखा दिसेल, तेवढं चालवून घ्या, परीक्षेत चेहरा विचारत नाहीत. वरून खाली ओढायच्या बटणांमध्ये त्याचा शॉर्टकट ठेवता येतो, म्हणजे लेक्चर सुरू झालं की एक टॅप, संपलं की एक टॅप. आयफोनवर ‘स्मार्ट इन्व्हर्ट’ आणि ‘क्लासिक इन्व्हर्ट’ असे दोन प्रकार आहेत. स्मार्टवाला फोटो आणि व्हिडिओ सोडून देतो, म्हणून या कामाला क्लासिक लागेल. नकाशे, आलेख, रंगीत आकृत्या आल्या की मात्र ते बंद करा. भूगोलाच्या तासाला समुद्र केशरी दिसला तर उत्तर चुकेल.

आणि हे पुन्हा सांगतो, फक्त ओलेडसाठी. एलसीडीवर रंग उलटे केले तर झडपा उलट्या होतात, दिवा तसाच.

दिवा तसाच, यावरून आठवलं. स्क्रीन अंधुक करणारी ॲप मिळतात, जी चित्रावर एक करड्या रंगाचा थर टाकतात. अँड्रॉइड १२ पासून फोनमध्येच ‘एक्स्ट्रा डिम’ आलं आहे, आयफोनवर ‘रिड्यूस व्हाइट पॉइंट’. हे सगळे प्रकार साधारणपणे ठिपक्यांचे आकडे कमी करतात. ओलेडवर त्याने खरोखर वीज वाचते. एलसीडीवर मात्र ते ट्यूबलाइट चालू ठेवून तिच्यावर घोंगडी टाकण्यासारखं आहे. खोलीत अंधार झाला, मीटर तेवढंच फिरतंय. एलसीडीवाल्यांनी बॅकलाइटच उतरवायचा, म्हणजे ब्राइटनेसची मूळ पट्टी. रात्रीचा पिवळसर मोड असतो ना, नाइट लाइट, त्यालाही हेच लागू. ओलेडवर निळा ठिपका थोडा विसावतो म्हणून थोडी बचत, एलसीडीवर काही नाही.

एक सावधगिरी. बऱ्याच ओलेड स्क्रीन कमी ब्राइटनेसला उजेड कमी करण्यासाठी सेकंदाला काहीशे वेळा चालू-बंद होत असतात. डोळ्याला ते दिसत नाही, पण काही जणांचं डोकं दुखतं, डोळे चुरचुरतात. तुमचं तसं होत असेल तर पट्टी फार खाली नेऊ नका. ती मध्याच्या आसपास ठेवा आणि वरून ‘एक्स्ट्रा डिम’ लावा. थोडी वीज जास्त जाईल. जाऊ द्या.

आता जागा. आपण कुठे बसून बघतो, याचा विचार कुणी करत नाही. भर उन्हात उजेड १ लाख लक्सच्या घरात असतो. सावलीत आलात की तो साधारण दहावा हिस्सा, आणि ट्यूबलाइटच्या खोलीत दोन-तीनशे लक्स. स्क्रीनला या बाहेरच्या उजेडाशी झुंजावं लागतं. ऑटो ब्राइटनेस चालू असेल आणि सेन्सरवर ऊन पडलं, तर फोन स्क्रीनला तुमच्या पट्टीच्या कमाल मर्यादेच्याही वर ढकलतो. म्हणून एसटीत खिडकीची जागा मिळाली आणि तुम्हाला तीन तास सिनेमा बघायचा असेल, तर पडदा ओढा, किंवा उन्हाच्या विरुद्ध बाजूला बसा. अभ्यासिकेतही तेच. डोक्यावरच्या ट्यूबचं प्रतिबिंब काचेत दिसत असेल तर फोन जरा कलता करा. प्रतिबिंब गेलं की तुमचं बोट आपोआप पट्टी मागे घेतं. काळ्या पार्श्वभूमीच्या व्हिडिओत तर हे फारच जाणवतं, कारण काळ्या काचेत आपलंच तोंड दिसतं. खिडकीशेजारी बसून रंग उलटे केले आणि मग दिसेना म्हणून ब्राइटनेस पूर्ण वर नेला, तर सगळी कमाई गेली.

एचडीआर व्हिडिओबद्दल थोडक्यात. या व्हिडिओत सूर्य, दिवे, चमक हे भाग मुद्दाम नेहमीच्या पांढऱ्यापेक्षा जास्त तेजस्वी दाखवले जातात. रील्स बघताना मध्येच एखादी अंगावर आल्यासारखी उजळते, ती बहुतेक हीच. दिसायला सुंदर, पण त्या वेळी फोन स्क्रीनला जास्त ताकद देतो. ज्या फोनच्या सेटिंगमध्ये व्हिडिओसाठी वेगळा ‘ब्राइट’ पर्याय असतो, सॅमसंगमध्ये ‘व्हिडिओ ब्राइटनेस’ नावाने आहे, तिथे तो ‘नॉर्मल’ला ठेवा.

रिफ्रेश रेट, म्हणजे ९० किंवा १२० हर्ट्‌झचं काय? सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा, लेक्चर बहुतेक ३० चं. ते १२० वेळा रंगवून जास्त काही दिसत नाही. महागड्या फोनच्या स्क्रीन व्हिडिओ ओळखून स्वतःच वेग उतरवतात. तुमच्या फोनमध्ये १२० कायमचं लावून ठेवलं असेल तर ते ‘ऑटो’ किंवा ६० वर करा आणि विसरून जा.

आणि व्हिडिओची क्वालिटी? १०८० वरून ३६० वर आणल्याने स्क्रीनच्या उजेडात शून्य फरक. ठिपके तितकेच पेटतात, फक्त चित्र भुरकट. डेटा वाचतो आणि रेंज कमकुवत असेल तर नेटवर्कवरची बॅटरी वाचते, हे खरं. अभ्यासिका तळघरात असेल आणि सिग्नलची एकच कांडी येत असेल, तर फोन टॉवरशी ओरडून ओरडून बोलतो. तिथे क्वालिटी कमी करण्यापेक्षा रात्री वायफायवर लेक्चर डाउनलोड करून आणणं जास्त चांगलं. अक्षरं स्पष्ट दिसली तर ब्राइटनेस वाढवायचा मोहही होत नाही. ती बॅटरी सेव्हर ॲप मात्र काढून टाका. मागे चालत राहणारं आणखी एक ॲप एवढंच त्यांचं काम. फोनमधला स्वतःचा बॅटरी सेव्हर पुरेसा आहे.

यावर विश्वास ठेवू नका, मोजा. एकच व्हिडिओ डाउनलोड करा, तासभराचा. फोन एअरप्लेन मोडवर टाका, ऑटो ब्राइटनेस बंद करा, आवाज इअरफोनवर एकाच पातळीला. बॅटरी साधारण ८० टक्क्यांवर असताना पट्टी पूर्ण वर ठेवून तो व्हिडिओ बघा आणि किती टक्के गेले ते लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी तसंच, पण पट्टी पाऊणवर. तिसऱ्या दिवशी मध्यावर. ओलेड असेल तर चौथ्या दिवशी मध्यावर आणि रंग उलटे. सुरुवात दर वेळी त्याच टक्क्यांवरून करा, कारण टक्क्यांचा आकडा हा फोनचा अंदाज असतो आणि तो सगळीकडे सारख्या वेगाने उतरत नाही. खोलीही तीच ठेवा. चार दिवसांत तुमच्या फोनचा तुमचा स्वतःचा तक्ता तयार होईल, आणि तो कुठल्याही यूट्यूबरच्या, माझ्यासकट, आकड्यांपेक्षा खरा असेल.

त्या मुलीला मी एवढंच कळवलं: पट्टी मध्यावर, पीपीटीच्या लेक्चरला रंग उलटे, लेक्चर आदल्या रात्री डाउनलोड, आणि जिथे सर नुसतं बोलतात, चालू घडामोडींच्या चर्चा वगैरे, तिथे व्हिडिओऐवजी ऑडिओ. ती पण आता वही घेऊन मोजायला बसली आहे. आकडे आले की तिच्या परवानगीने पुढच्या एखाद्या भागात सांगेन.

जाता जाता, हा भाग ऐकणाऱ्यांत काही जण स्वतः शिकवणारे आहेत, हे मला माहीत आहे. तुमच्यासाठी एक काम. आज रात्री पीपीटीचं टेम्प्लेट उघडा आणि पार्श्वभूमी गडद करून बघा. गडद निळी नको, काळी किंवा अगदी गडद राखाडी, अक्षरं मोठी आणि फिकट पिवळी. मग तुमच्याच फोनवर, दुपारच्या उजेडात, मागच्या बाकावरच्या मुलासारखं ते वाचून बघा. वाचता आलं तर पुढचं लेक्चर त्यावर घ्या. एका लेक्चरला हजार मुलं बसत असतील, तर हजार फोनच्या बॅटऱ्यांचा निर्णय तुमच्या एका क्लिकवर आहे. मुलांना आवडलं की नाही, ते त्यांनाच विचारा आणि मला कळवा.

भेटू पुढच्या भागात. त्यात चार्जरबद्दल बोलू, फार जणांनी विचारलंय.